ब्रेकमध्ये दोष नव्हता, भाऊजी

भाऊजी,

तुमच्या ग्लायडरच्या चाकाचा ब्रेक कधीच कमजोर नव्हता. ज्या हंगामात तुम्ही तो चार वेळा खोललात, धुतलात आणि पुन्हा बसवलात, त्या हंगामाच्या पहिल्या रविवारपासून मला हे ठाऊक होतं. तुमच्यासमोर हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आता तुम्ही नाही, तर निघतंय.

तुम्हाला माहीतच आहे, मी बोलणारा माणूस नाही. आमगावात ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान चालवतो, गिऱ्हाईक मागेल ते काढून देतो. ताईच्या लग्नात तुम्ही मला विचारलं होतं, "सालेसाहेब, तुम्हाला जीभ आहे ना?" सगळा मांडव हसला होता. मीही हसलो. त्यानंतर वीसेक वर्षं मी तुमच्यासमोर बहुतेक एकच शब्द बोललो: "हो, भाऊजी."

आमच्या घरची रीतच ती. आई म्हणायची, "जावायाचा शब्द खाली पडू द्याचा नाही." तुम्ही वरण खारट म्हटलं तर ते खारट. नसलं तरी खारट. तुम्ही मात्र वायुसेनेत आयुष्यभर विमानांचे सांगाडे दुरुस्त करून आलेला माणूस. तुम्हाला 'हो' म्हणणारा साळा नको होता, खरं सांगणारा मदतनीस हवा होता. हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्त होऊन तुम्ही कामठ्याला परतलात आणि दोन सीटचं जुनं ग्लायडर घेऊन आलात, तेव्हा गावानं तुम्हाला वेड्यात काढलं. इंजिन नसलेलं विमान! "पेट्रोल संपलं का, गुरुजी?" असं पोरं विचारत. तुम्ही तितक्याच गंभीरपणे सांगत, "अरे, टाकलंच नव्हतं." मग त्याच पोरांच्या बापांना तुम्ही एकेक करून वर नेलंत. कामठ्याचा तलाव वरून एवढासा दिसतो हे पाहून आलेला माणूस पुन्हा तुमची टिंगल करत नसे. एवढंच नाही, दुसऱ्या कुणी केली तर भांडायला उठे.

मला तुम्ही शिकवलंत तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. डाव्या हाताशी असलेली निळी मूठ मागे ओढली की पंखांवरच्या फळ्या उघडतात आणि ग्लायडर खाली उतरू लागतं. तीच मूठ अगदी शेवटपर्यंत ओढली की चाकाचा ब्रेक लागतो. तुम्ही म्हणायचे, "फळ्या वाराच उघडून देते, त्याले जोर लागत नाही. जोर लागते तो शेवटची चार बोटं ओढताना." ते वाक्य तेव्हा मी नुसतं पाठ केलं.

आणि ती चुन्याची रेघ. उतरल्यावर ग्लायडर शेडसमोरच्या रेघेच्या आत थांबवायचं. जो रेघ ओलांडेल, त्यानं सगळ्यांना चहा-समोसा खाऊ घालायचा आणि ग्लायडर स्वतः ढकलत मागे आणायचं, असा तुम्ही जमवलेल्या आपल्या ग्लायडर क्लबाचा कायदा होता. कायदा तुम्हीच केला होता, आणि तुमच्यावर तो कधी चालला नव्हता. तुम्ही रेघेवर चाक ठेवून थांबायचे, खाली उतरून रेघेकडे बघायचे आणि म्हणायचे, "चुना पुसला गेला. नवीन मारा."

त्या वर्षी धान कापून झालं, बांध उघडे पडले आणि आपला हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी पहिलं उड्डाण तुमचं. तुम्ही सुरेख उतरलात. चाक टेकलं, ग्लायडर पळत आलं, आणि पळतच राहिलं. रेघ गेली. शेड गेली. पार पुढच्या झुडपांशी जाऊन एक पंख टेकवून बसलं. आम्ही सगळे धावलो. तुम्ही आधीच बाहेर येऊन चाकाजवळ उकिडवे बसला होता.

"ब्रेक कमजोर झाला," तुम्ही म्हणालात.

"चहा, गुरुजी, चहा!" कुणीतरी ओरडलं. तुम्हीही हसून म्हणालात, "पाजतो ना, पाजतो. पण आधी कारण पाहू." आणि तुमचा तो नियम सांगितलात, जो आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता: "एकानं म्हटलं कमजोर, त माणूस तपासा. दोघांनी म्हटलं, त मशीन तपासा. चला सालेसाहेब, तुमची पाळी."

मी उडालो. वर काय पाहिलं, काही आठवत नाही. उतरलो, मूठ पूर्ण ओढली आणि ब्रेकनं चाक असं धरलं की नाक खाली वाकलं. रेघ अजून बरीच पुढे होती. तिथेच थांबलो असतो. समोर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभे होता. तुमच्या बाजूला ती सगळी मंडळी. त्या क्षणी मला दिवाळीतला तुमचा पाण्याचा प्याला आठवला. तुम्ही तो डाव्या हातानं उचलला होता आणि अर्ध्यात उजवा हात खाली लावला होता. ताईनं पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

मी मूठ ढिली सोडली.

ग्लायडर रेघ ओलांडून गेलं. तुमच्याइतकं नाही, पण गेलं. तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "का म्हणते ब्रेक?"

"हो, भाऊजी. कमजोरच आहे."

तोंडानं बोललेलं खोटं निदान शब्दांचं असतं. हे मी हातानं बोललो होतो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पाच माणसांच्या लांबीचं यंत्र साक्षीला ठेवून. तुमच्या नियमाप्रमाणे आता दोघांनी म्हटलं होतं. माणूस सुटला, मशीन सापडलं.

आणि तुम्ही मशीन तपासायला घेतलंत. भाऊजी, ते काय तपासणं होतं! मी जन्मभर हायड्रॉलिकचे पार्ट विकत आलो, पण ब्रेककडे असं बघणारा माणूस मी पाहिला नाही. पहिल्या दिवशी तुम्ही पान्याला हातच लावला नाही. नुसते चाकाजवळ बसून राहिलात. मी दुकानातून ब्रेक ऑईलचा डबा आणला, तर माझ्या हातातून तो घेऊन लांब नेऊन ठेवलात. "हे गाडीचं आहे. याच्यात लाल तेलच चालते. हे टाकलं त आतले रबर फुगून राहतीन, आणि मंग कमजोर ब्रेक नाही, बिनब्रेक." मी ओशाळलो तेव्हा म्हणालात, "अरे, आणलं त आणलं. विचारल्याशिवाय ओतलं नाही, हे का कमी आहे?"

चुकणाऱ्या माणसाला त्याच्या चुकीतलं बरोबर तेवढं काढून हातात द्यायचं, ही तुमची सवय. म्हणूनच तर तुमच्याकडे शिकलेले लोक चुका लपवत नसत. एक मी सोडून.

पुढचे रविवार असेच गेले. प्रथम घासणारे पॅड पाहिले. जाडी बरोबर होती, तरी बदलले. चकती स्पिरिटनं पुसली, कुठे तेलाचा ओघळ नाही ना ते टॉर्च मारून बघितलं. मग नळीतली हवा. तेल वरून ओतायचं नाही, खालून चढवायचं, कारण हवेला वर जायची खोड असते. तिला तिच्याच वाटेनं जाऊ द्यायचं, हे तुम्ही किती प्रेमानं सांगितलंत. त्यासाठी आमगावच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानातून म्हशीला टोचायची मोठी सिरिंज मी आणली. ताई डबा घेऊन आली होती. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आता याले दूध काढता का?" तुम्ही ग्लायडरच्या पोटाखालून ओरडलात, "बुडबुडे येऊन राहिले! कोणी हलू नका!" मी पंखाचं टोक धरून उभा होतो. हलायचं नाही म्हणून हसूही दाबून धरलं होतं.

दरवेळी जुळणी झाली की चाचणी. तुम्ही आत बसून मूठ ओढायचे, आम्ही मागून ढकलायचो. चाक फिरायचं. "उतर, तू बस." मी बसायचो. तुम्ही ढकलायचे. आणि मी, भाऊजी, दरवेळी अर्ध्यावर थांबायचो. चाक फिरायचं. तुम्ही म्हणायचे, "ठीक आहे. म्हणजे अजून आत आहे," आणि पुन्हा पान्यांची पेटी उघडायचे. तुमच्या आवाजात एकदाही कंटाळा आला नाही. ज्याचा दोष नव्हता त्या ब्रेकवर तुम्ही इतका विश्वास ठेवलात, की तो दोष दाखवेलच! मी वर बसून त्या निळ्या मुठीकडे बघत असे.

मुख्य सिलिंडरच्या आतल्या सीलसाठी थांबावं लागलं. ते बाहेरून यायचं होतं. तोवर ग्लायडर शेडमध्ये, चाक काढून, लाकडी घोड्यावर. आकाश मात्र थांबलं नव्हतं. फाल्गुनात दुपारी रानावर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढायच्या. तुम्ही मान वर करून पाहायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या त्यायले. पुढच्या आठवड्यात आपण."

पुढचा आठवडा सरला आणि सगळा हंगामही सरत आला.

सील आलं, बसवलं, चाक पुन्हा चढवलं, आणि होळी झाल्यावरच्या रविवारी तुम्ही घरून एक हुकाचा काटा आणलात, प्रवासाच्या बॅगा उचलून तोलतात तो. तो मुठीला अडकवला. "आपण ब्रेक तपासून राहिलो, पण हातातला जोर किती जाते ते कोणी पाहिलंच नाही," म्हणालात. मला म्हणालात, "ओढ." त्या दिवशी मी पूर्ण ओढला. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बहुधा थकलो होतो. काटा तळाशी गेला आणि मागून ढकलणारे दोघे जागच्या जागी अडले. चाक जाम.

तुम्ही मला उठवलंत आणि स्वतः बसलात. डाव्या हातानं ओढलंत. काटा निम्म्यावर गेला आणि तिथेच थरथरत राहिला. तुम्ही दात आवळलेत. निम्म्यावरच. मग वाकून उजव्या हातानं ओढलंत. तळाशी.

तुम्ही सीटवर मागे टेकलात आणि म्हणालात, "सापडला."

देवाशपथ सांगतो, तुमचा चेहरा आनंदी होता. इतके दिवस छळणारा दोष सापडल्यावर मेकॅनिकचा होतो तसा. तो दोष तुमच्याच मनगटात होता, ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला असेल. पण आधी तो आनंद आला. त्या एका क्षणासाठी मी तुम्हाला जन्मभर नमस्कार करीन.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "मंग दिवाळीनंतर तुझ्या हातून काऊन नाही थांबलं?"

सांगायची वेळ ती होती. दारच उघडून दिलं होतं तुम्ही. मी म्हणालो, "तेव्हा नळीत हवा असेल, भाऊजी. सील बदललं तेव्हा उरलेली गेली ना ती."

तुम्ही विचार केलात. मान हलवलीत. "होऊ शकते. दोन दोष एका वेळी. असं होते कधीकधी."

नागपूरच्या डॉक्टरांनी नसांच्या रोगाचं नाव सांगितलं. तो हातापासून सुरू होऊन पुढे चढत जाणार होता. मी एवढंच विचारलं, सहा महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, फरक पडला नसता, यावर औषध नाही. मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "उडता येईल?" डॉक्टर म्हणाले, "सोबत दुसरा पायलट असेल, हात चालतात तोवर, हरकत काय?"

सोबत दुसरा पायलट. आपल्या ग्लायडरला दोन सीटा होत्या, भाऊजी. दिवाळीनंतर त्या रेघेच्या आत मी थांबलो असतो, तर तो सगळा हंगाम तुम्ही पुढे, मी मागे. घारींच्या सोबत. तुमचे हात चालत होते तेव्हाचा हंगाम. तो तुम्ही ग्लायडरच्या पोटाखाली काढलात.

पावसाआधी आपण एकदाच गेलो. संध्याकाळची वेळ, विंचच्या दोरानं ओढून वर सोडलं, आणि तुम्ही उजव्या हातात दांडा घेऊन असे वळलात, की मी मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसलो. तुम्हाला मदत लागत नव्हती. तलावाच्या कडेनं एक उबदार झोत लागला, तुम्ही त्याला धरलंत, सोडला नाहीत. "पाह्य, आमगावची गाडी जाऊन राहिली," म्हणालात. रुळांवरून बोटभर गाडी सरकत होती. उतरताना फळ्या तुम्ही उघडल्यात, अलगद टेकवलंत, आणि म्हणालात, "आता तुझं." मी मूठ शेवटपर्यंत ओढली. चाक रेघेवर थांबलं. तुम्ही मागे वळून न बघता म्हणालात, "चुना पुसला गेला." माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाटलं, बरं झालं मी मागे बसलो.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही खुर्चीवर बसून शिकवू लागलात. हात मांडीवर ठेवलेले असायचे, आवाज तोच. आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एक धडा सांगायचे. "एक दोष सापडला म्हणून पेटी बंद करू नका. आमच्या ब्रेकमध्ये एका वेळी दोन दोष होते. एक नळीत, एक या हातात. सालेसाहेबांनी सांगितलं नसतं त मी पहिलाच धरून बसलो असतो." आणि माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी चहाचे कप गोळा करायचो.

माझं खोटं तुम्ही धडा करून वाटत होता. जितक्या वेळा वाटलात, तितक्या वेळा ते माझ्या घशात आणखी खाली गेलं. शेवटी-शेवटी तुम्हाला बोलणंही जड जाऊ लागलं. मी उशाशी बसलो असताना तुम्ही तुटक तुटक विचारलंत, "नवीन लोकायले... ब्रेकचं... सांगते ना तू?" मी म्हणालो, "हो, भाऊजी."

तेरवीनंतरच्या रविवारी शेडमध्ये सगळे जमले. तुमचा फोटो ग्लायडरच्या नाकावर ठेवला होता. ताई पुढे खुर्चीवर बसली होती. एकेक जण बोलला. सडक अर्जुनीला दवाखाना चालवणाऱ्या मॅडम, तुमच्या शेवटच्या विद्यार्थिनी, उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "सरांचा दोन दोषांचा धडा मी रोज पेशंट तपासताना वापरते. एक आजार सापडला की थांबत नाही. परवाच त्यामुळे एका बाईचा दुसरा आजार वेळेत सापडला." लोकांनी माना हलवल्या. काहींनी माझ्याकडेही पाहिलं, तुम्ही पाहायचे तसं.

मी उठलो. मी सभेत कधी उठलेलो नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं चहाचं सांगतो आहे.

"दोन दोष होतेच," मी म्हणालो. "पण नळीत काही नव्हतं. दुसरा मी होतो." आणि सांगितलं. प्याला, रेघ, ढिली सोडलेली मूठ, प्रत्येक रविवारची अर्धी ओढ. माझ्यातला दोष तुम्हाला सापडला नाही, कारण तुम्ही माझ्या शब्दाला कधी काट्यावर लावलंच नाही. लावावं असं तुमच्या मनातही आलं नाही.

मागून एक म्हातारा सभासद म्हणाला, "म्हणजे ब्रेक चांगला होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"अन् आम्ही म्हशीच्या सुईनं..." तो बोलता बोलता थांबला. मॅडम खाली बसल्या. एक-दोघांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मला ते बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बरोबर नजरेनं पाहिलं.

सगळे गेल्यावर ताई तशीच बसून होती. मी फोटो उचलायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "लाज राखाले एक डाव बोललास, समजते मले. मंग हरेक रविवारी कायले? एका रविवारी सांगून टाकाचं होतं ना."

याचं उत्तर मी स्वतःलाही दिलं नव्हतं. रीत, लाज, जावयाचा मान, हे पहिल्या रविवारचं. पुढचं ते नव्हतं. मी म्हणालो, "ताई, ब्रेक नीट झाला असता, त भाऊजींनी मले कायले बोलावलं असतं? पार्ट आण, पंख धर, टॉर्च धर. इतक्या वर्षांत त्यायनं मले असं बाजूला बसवलं नव्हतं. मले ते रविवार पाहिजे होते."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"येड्या," ती म्हणाली, "त्यायनं तुले असंच बोलावलं असतं रे."

आणि पदर खोचून खुर्च्या उचलायला लागली.

तेव्हापासून हे एकच वाक्य माझ्यामागे लागलं आहे. तुमचा हंगाम मी घालवला, हे मी सोसून घेईन. पण जे मागितल्याबरोबर मिळालं असतं, तेच मी चोरून घेतलं का, हे मला तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. मला या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्या, मी वाईट वाटून घेणार नाही.

बोलावलं असतं ना, भाऊजी?